जुनी मोटर परत

दुपारी दोनला, नाना पेठ जेवायला बसलेली असताना
तवाडियांची शेवरोले आली.
आली म्हणजे ढकलत आणली,
कॅम्पातल्या दोन पोरांनी आणि एका हवालदारानं,
सेव्हन लव्हज चौकापासून.
डाव्या बाजूच्या स्टिअरिंगवर फ्रेनी, घामाघूम.
"गुरवकाका, थंड असली की पहिल्या हाकेला ओ देते.
गरम झाली की टक्. नुसतं टक्."

ते टक् मला माहीत आहे.
एकोणसत्तर सालची मोटर, नऊ किलोचं धूड,
एक्झॉस्टच्या नळीला खेटून बसलेलं.
तापलं की तांबं आखडतं,
बॅटरी देते, ते घेत नाही.
केरसीशेट होते तेव्हा बॉनेट उघडून
वीस मिनिटं पेपर वाचायचे.
फ्रेनीला वीस मिनिटं नाहीत.

तिनं नवी मागवली होती.
खोक्यात फोम, फोममध्ये नारळाएवढी वस्तू.
आत दातांची जोडी : मोटर चार वेळा फिरते
तेव्हा पिनियन एकदा.
माझे वडील याला लबाडी म्हणाले असते,
आणि मग सगळी उघडून बघितली असती.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली.
गोणपाट टाकून खाली सरकलो.
दोन बोल्ट. पहिला शहाण्यासारखा आला,
दुसऱ्यानं अर्धा तास आणि अंगठ्याचं कातडं घेतलं.
मग ती सुटली, आणि हमाल पोतं घेतो तशी
मी ती छातीवर घेतली. अजून गरम होती.

नवी लावणं सोपं, बसवणं अवघड.
पिनियन आणि रिंगगिअरमध्ये फट हवी :
कमी झाली तर किंचाळते, जास्त झाली तर दात खाते.
जेमक्लिप सरळ करून घातली. अडली.
एक शिम. अडली.
दुसरी. अडली, पण कमी.
तिसरी खोक्यात नव्हती,
बिस्किटाच्या डब्याच्या झाकणातून कापली.
आता तार जात होती, जाता जाता किंचित धरत होती.
एवढंच हवं असतं.

"मार," मी खालून ओरडलो. मग आठवलं, आधी बाहेर यायला हवं.

चिर्र.
आणि आठ सिलिंडर एकदम.
समोरच्या टायरवाल्याचा चहा सांडला.
मी मात्र वाट बघत राहिलो
त्या जुन्या घर्र… घर्र… घर्रची,
मधल्या दोन श्वासांची,
ज्यात केरसीशेट डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे.
शिवी होती की प्रार्थना, कधी विचारलं नाही.

बिलावर लिहिलं : जुनी मोटर परत.
फ्रेनी न्यायची विसरली.
मी आठवण केली नाही.

शटर अर्धं ओढून रात्री ती उघडली.
ब्रश झिजून नखाएवढे. बुशिंग ओव्हल.
कॉइलवरची सुती पट्टी काळी, तेलकट,
आणि टोकाला गाठ.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देवळाचे हार.
दोरा बोटाभोवती दोनदा, मग खालून एकदा,
म्हणजे फूल सरकत नाही.
मथुरा पंधरा वर्षांची होती.
सकाळी शाळा, दुपारी वडिलांच्या शेजारी वाइंडिंग.
तिची बोटं बारीक म्हणून शेवट तिच्याकडे.
तिनं तीच गाठ तांब्याला मारली होती.
वडील रागावले होते, आठवतं,
पण सोडवली नव्हती.

फोटो काढला, इचलकरंजीला पाठवला.
बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच.
मग : "किती वर्षं टिकली?"
बत्तीस, मी लिहिलं.
"मग पैसे कमी घेतले आपण."

तांब्याचा भाव सध्या बरा आहे.
भंगारवाला गुरुवारी येतो.
मी मोटर पुन्हा जोडून ठेवली,
चारही बोल्ट, वॉशरसकट,
जशी गिऱ्हाइकाला देतात तशी.